साडेसहा चौरस मीटरांचा हिशेब : फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट

स्वयंपाकघर वाढवायचे ठरले की घरोघरी जवळजवळ एकच संवाद सुरू होतो. बाल्कनी आत घेता येईल का? मधली भिंत पाडली तर वरच्या तुळईचे काय? ओटा सरळ ठेवायचा की एल आकाराचा? कडाप्पा की ग्रॅनाइट? आणि सगळ्यांत शेवटी, जरा खालच्या आवाजात : एकूण किती? गवंडी, सुतार, प्लंबर आणि 'मॉड्युलर'वाला असे चौघे चार आकडे सांगून जातात आणि घरातली वही उघडते.

आजच्या धाग्यात या 'एकूण किती'चा एक जुना अध्याय सांगायचा आहे. सलग ओटा, त्याखाली ड्रॉवर, वर छतापर्यंत कपाटे, सिंकशेजारी भांडी निथळण्याची जागा ही मांडणी आज आपण गृहीत धरतो. ती काही एका माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेली नाही. पण एका शहराने ती शेवटच्या खिळ्यापर्यंत आखली, तिचा खर्च घराच्या बांधकामातच धरला आणि हजारो भाडेकरूंच्या घरांत बसवली. शहर फ्रँकफर्ट, वर्ष १९२६, आणि आखणी करणारी व्हिएन्नाची एकोणतीस वर्षांची वास्तुविशारद मार्गारेटे लिहोत्स्की.

गोष्ट फ्रँकफर्टपासून सुरू केली तर अर्धी राहील. ती विस्तवापासून सुरू करावी लागते.

मध्य युरोपातल्या कामगाराच्या घरात हिवाळ्यात पेटणारा विस्तव बहुधा एकच असे, तो म्हणजे कोळशाची शेगडी. तिच्यावरच रांधायचे आणि तिच्याच उबेला बसायचे. दुसरी खोली उबदार ठेवायची तर दुसरा कोळसा विकत आणावा लागे. म्हणून सारे कुटुंब त्या एकाच खोलीत जेवे, मुले तिथेच अभ्यास करीत, कपडे तिथेच वाळत, आणि रात्री कोणीतरी तिथेच झोपे. जर्मन भाषेत या खोलीला 'वोनक्युखे' म्हणतात, म्हणजे राहण्याचे स्वयंपाकघर. आपल्याकडच्या वाड्यात नेमका उलटा प्रकार होता. इथे धूर आणि उष्णता माणसांपासून दूर ठेवायची, सोवळे सांभाळायचे, म्हणून स्वयंपाकघर माजघराच्याही पलीकडे, मागच्या अंगाला. दोन्हीकडे घराचा नकाशा चुलीने ठरवला. फरक एवढाच की तिथे विस्तव जवळ हवा होता, इथे लांब.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना हे हरलेल्या साम्राज्याचे उपाशी राजधानीचे शहर होते. घरे नव्हती, अन्न नव्हते, कोळसा नव्हता. हजारो कुटुंबांनी शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनी गाठल्या, खोपटी उभारली आणि भाजीपाला लावला. ही वस्ती सुरुवातीला बेकायदाच होती. पुढे तिच्यातून सहकारी संस्था उभ्या राहिल्या, महापालिकेने वसाहतींसाठी स्वतंत्र कचेरी काढली आणि आडोल्फ लोस यांच्यासारखा नामांकित वास्तुविशारद तिच्यात काम करू लागला. लिहोत्स्की याच कामात तयार झाल्या. व्हिएन्नाच्या कलाशाळेत वास्तुरचना शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. त्यांच्यासमोर येणारा गिऱ्हाईक म्हणजे हातात पैसा जवळजवळ नसलेला, पण स्वतः विटा वाहायला तयार असलेला माणूस. या संस्थांत सभासदाने घराच्या किमतीचा काही भाग श्रमाने फेडायचा, अशी रीतच होती.

अशा माणसासाठी या मंडळींनी जे काढले त्याचे नाव 'केर्नहाउस', म्हणजे गाभ्याचे घर. कल्पना साधी होती. पूर्ण घराचा नकाशा पहिल्याच दिवशी काढायचा, पण बांधायचा फक्त गाभा : राहण्या-रांधण्याची खोली आणि निजण्यापुरती जागा. मग हाती पैसा येईल तसतशी पुढची खोली, वरचा मजला, मागची धुण्याची जागा जोडत न्यायची. जिना कुठे येणार, पुढे कोणत्या भिंतीत दार पाडायचे, हे सारे आधीच ठरलेले, त्यामुळे वाढवताना जुने मोडावे लागत नाही. १९२३ साली व्हिएन्नाच्या नगरभवनासमोरच्या चौकात भरलेल्या प्रदर्शनात अशी घरे लोकांना पाहायला ठेवली होती. त्यांतला एक नमुना लिहोत्स्कींचा होता. साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या घटकांचे एक तयार स्वयंपाकघरही त्यांनी त्याच सुमारास रचले होते.

आपल्याकडे खेड्यात दोन खणांचे घर बांधून पुढे सुगी बरी झाली की पडवी काढतात, त्यामागची बुद्धी हीच आहे. पण पडवी बहुधा नंतर सुचते. गाभ्याच्या घरात ती आधीच कागदावर असते. माझ्या मते लिहोत्स्कींच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज इथे आहे. पैसा कमी असेल तर आखणी जास्त लागते, कारण चुकीची भिंत पाडण्याइतका पैसाच नसतो.

१९२४ साली त्यांना क्षयाने गाठले. कोंदट घरांतला हा रोग तेव्हा व्हिएन्नात घरोघरी होता. बऱ्या होऊन त्या कामावर परतल्या आणि लवकरच जर्मनीहून बोलावणे आले.

आता पैशाकडे वळू, कारण फ्रँकफर्टची खरी नवलाई आधी तिजोरीत आहे आणि मग ओट्यावर.

१९२३च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. कोणी आयुष्यभराची शिल्लक बाळगून होता, त्याच्या पासबुकातल्या आकड्यात पाव मिळत नव्हता. पण प्रत्येक महागाईत कोणाचे तरी भले होते. ज्यांची घरे गहाण होती त्यांचे कर्ज जवळजवळ शून्यावर आले. वीस हजार मार्कांचे गहाणखत फेडायला पावाचा तुकडाही विकावा लागत नव्हता. घर मात्र जागेवर उभे होते. सरकारने हे हेरले. १९२४ पासून जुन्या घरांवर, म्हणजे १९१८च्या जुलैपूर्वी बांधलेल्या इमारतींवर, एक खास कर बसवण्यात आला. चलन कोसळल्यामुळे फुकट पदरात पडलेल्या लाभातला वाटा सरकारने मागून घेतला, असे त्याचे रूप. त्या उत्पन्नाचा एक भाग नवी घरे बांधायला स्वस्त कर्ज म्हणून मिळू लागला. जुन्या घरांनी नव्या घरांचा पाया भरला, असे म्हणता येईल.

फ्रँकफर्टचे महापौर लुडविग लांडमान यांनी ही संधी साधली. १९२५ साली त्यांनी एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाला बोलावून नगररचना आणि बांधकाम यांचे अधिकार एका हाती दिले. पुढच्या पाचेक वर्षांत शहराच्या कडेने प्राउनहाइम, रोमरस्टाट, गिनहाइम अशा वसाहती उभ्या राहिल्या. बारा हजारांहून अधिक घरे झाली. दारांची मापे, खिडक्या, कड्या-मुठी सारे प्रमाणित. काही ठिकाणी भिंतींचे मोठाले ठोकळे कारखान्यात ओतून यारीने जागेवर बसवले. एकच वस्तू हजारदा करायची असेल तर तिच्यावर पहिल्यांदा खूप विचार करणे परवडते, हे माय यांचे गणित होते. या गणितात स्वयंपाकघराचा रकाना भरायला १९२६ साली लिहोत्स्की आल्या.

इथे तो विस्तव पुन्हा येतो. शहरात आता स्वयंपाकाचा गॅस होता. गॅसच्या शेगडीवर अन्न शिजते, पण खोली ऊब धरत नाही. म्हणजे वोनक्युखेचे मूळ कारणच संपले. शेगडीपाशी बसून राहण्याची गरज उरली नाही. उरला तो वास, वाफ आणि ओलसर भिंती. मग रांधणे वेगळे आणि राहणे वेगळे का करू नये? केल्यास रांधण्याच्या खोलीला किती जागा पुरते? आणि जी जागा वाचेल तिचे काय करायचे?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत हुशार वाटतो. बांधकामात प्रत्येक चौरस मीटरला किंमत असते. जेवणाचे टेबल मावेल एवढे स्वयंपाकघर बांधण्याऐवजी फक्त कामापुरते बांधले, तर भिंत, फरशी आणि छत यांचा खर्च वाचतो. तो पैसा त्याच खोलीत कपाटे, ओटे आणि ड्रॉवर बसवायला वापरायचा. कामगार कुटुंब स्वतःच्या पगारातून असे सामान एकदम कधीच घेऊ शकले नसते. घरासोबतच ते बांधले की त्याचा खर्च बांधकामाच्या कर्जात जातो आणि भाड्यातून वर्षानुवर्षे थोडाथोडा फिटतो. आज आपण किचनसाठी वेगळे कर्ज काढतो किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते पाडतो. तिथे ते काम महापालिकेनेच केले. शिवाय ऑर्डर हजारांची असल्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराची किंमत उतरत गेली.

किती जागा पुरते, याचे उत्तर लिहोत्स्कींनी घड्याळ लावून शोधले. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजून 'शास्त्रीय व्यवस्थापन' काढले होते. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेने १९१३च्या आपल्या पुस्तकात तीच मोजणी घरात आणली : भांडे कपाटातून काढून, वापरून, धुऊन परत ठेवेपर्यंत बाई किती पावले चालते? पुढे हे लेखन जर्मनमध्ये आले आणि लिहोत्स्कींच्या वाचनात आले. दुसरा नमुना आगगाडीत होता. भोजन-डब्याच्या चिमुकल्या स्वयंपाकघरातून डबाभर प्रवाशांचे जेवण निघते, ते केवळ प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर असल्यामुळे.

आणि उत्तर निघाले : सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. साडेसहा चौरस मीटरांच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण सत्तर चौरस फूट.

आत शिरू या. एका लांब भिंतीत बैठकीच्या खोलीकडे उघडणारे सरकते दार. ते दार उघडे ठेवले की काम करता करता मुलांवर नजर राहते. शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर तीनेक मीटरच. समोरच्या अरुंद बाजूला खिडकी, आणि खिडकीखाली लाकडी ओटा, कारण चिरण्या-निवडण्याला उजेड लागतो. ओट्याला खाच, सालपटे हाताने सारली की खालच्या ओढपेटीत पडतात आणि ती पेटी बाहेर नेऊन रिकामी करता येते. ओट्यापाशी फिरते, उंची बदलणारे स्टूल. छताला रुळावरून सरकणारा दिवा. चिराल तिथे उजेड, धुवाल तिथे उजेड. भिंतीला लावलेली इस्त्रीची फळी हवी तेव्हा खाली पाडायची, नको तेव्हा वर. सिंकवर भांडी निथळण्याची लाकडी जाळी, म्हणजे पुसण्याचे काम वाचले. कपाटे छतापर्यंत नेलेली, वर धूळ साचायला जागाच नाही. खालची कपाटे आत घेतलेल्या काँक्रीटच्या बैठकीवर, पायाची बोटे अडू नयेत आणि फरशी पुसताना कोपरे आडवे येऊ नयेत म्हणून.

एका बाजूला ॲल्युमिनियमच्या अठरा छोट्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर नाव : साखर, तांदूळ, डाळी वगैरे. पुढे मूठ आणि मागे चोच, त्यामुळे पेटी काढून थेट पातेल्यात ओतता येते. पीठ मात्र ओकच्या ड्रॉवरमध्ये, त्या लाकडाला किडे लागत नाहीत म्हणून. रंग पुष्कळ ठिकाणी निळसर हिरवा; माश्या निळ्यावर बसत नाहीत असे तेव्हा मानले जाई. आणि एक 'शिजवणीची पेटी'ही होती. उकळी आलेले भांडे तीत बंद करून ठेवायचे, उरलेले शिजणे आतल्या उष्णतेवर आपोआप होते, गॅस वाचतो. भाताचे पातेले गोधडीत गुंडाळून ठेवणाऱ्या आज्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

त्या स्टुलापाशी जरा थांबतो. शक्य ती सगळी कामे बसून झाली पाहिजेत, असा लिहोत्स्कींचा आग्रह होता, कारण उभे राहून पाय आणि पाठ जातात. आपल्याकडे बाई पाटावर बसून विळीवर भाजी चिरत होती आणि चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी थापत होती. तिची सुटका कशात, तर उभे राहण्यात, असे आपण मानले. १९५५ पासून मुंबईत 'बर्शेन'चे सिलिंडर घरांत येऊ लागले तसा ओटा वर चढला आणि विळीची घडी झाली. तिकडे उभी बाई बसली, इकडे बसलेली उभी राहिली. ओट्याची उंची कोणाच्या कंबरेवरून ठरवायची, हा प्रश्न आजही कारागीर क्वचितच विचारतो.

या रचनेचे तीन प्रकार होते : नोकर नसलेल्या घरासाठी एक, एका मोलकरणीच्या घरासाठी दुसरा आणि दोन नोकरांच्या घरासाठी तिसरा. बहुसंख्य बसले ते पहिल्या प्रकारचे. एकूण सुमारे दहा हजार.

भाडेकरूंना ते आवडले का? काहींना फार, शिळ्या कोंदट घरांतून आलेल्या बाईला वाहते पाणी, गॅस आणि स्वच्छ ओटा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण लोक राहायला लागले आणि नकाशा कुरकुरू लागला. माहेरहून आलेले मोठे कपाट कुठेच मावेना. टेबल आत ठेवून तिथेच जेवायची सवय सुटेना, आणि टेबल काही शिरेना. दोघींनी मिळून काम करायचे तर कोपर लागे. नाव लिहिलेल्या पेट्यांत लोक भलतेच काही भरीत. ज्यांच्या घरी तांदूळ क्वचितच शिजे त्यांनी तांदळाच्या पेटीत काय ठेवावे? शिवाय खालच्या पेट्या लहान मुलांच्या हाताशी येत आणि साखरेची रांगोळी होई. घड्याळाने पावले मोजली होती, रांगणारे मूल मोजले नव्हते.

रोमरस्टाटमध्ये, १९२७-२८ साली बांधलेल्या सुमारे बाराशे घरांच्या वसाहतीत, एक पाऊल पुढे टाकून सगळे विजेवर नेले गेले. शेगडीसुद्धा विजेची. मग बिले आली आणि तक्रारींचा गदारोळ उठला. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, चालवण्याचा खर्च दर महिन्याला दारात उभा राहतो. नवे किचन आखणाऱ्या कोणाच्याही वहीत आजसुद्धा हाच दुसरा रकाना बहुधा कोरा असतो.

भाडे हीही अडचण होतीच. इतकी काटकसर करूनही ही घरे अंगमेहनतीच्या साध्या मजुराला परवडली नाहीत; तिथे कुशल कामगार आणि कारकून पेशातली कुटुंबे आली. १९२९च्या ऑक्टोबरात जगभरच्या आधुनिक वास्तुविशारदांची परिषद फ्रँकफर्टला भरली. तिचा विषयच 'किमान जगण्यासाठीचे घर' हा होता : माणसाला कमीत कमी किती घर लागते? त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मंदी आली, कर्जाचा झरा आटला. १९३० साली माय आपले सहकारी घेऊन सोव्हिएत संघात नवी शहरे आखायला निघून गेले. त्या तुकडीत लिहोत्स्की होत्या, आणि १९२७ साली त्यांचे पती झालेले वास्तुविशारद विल्हेल्म शूटे होते.

या स्वयंपाकघरावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र पन्नास वर्षांनी आला. १९७०च्या दशकातल्या स्त्रीवादी अभ्यासिकांनी विचारले : एकाच माणसाला पुरेल अशी खोली आखली म्हणजे काय केले? घरकाम हे एकटीचेच काम आहे, हे भिंतीतच लिहून टाकले. वोनक्युखेत धूर होता, पण तिथे नवरा, सासू, मुले सोबत होती. कांदा सोलायला कोणी तरी हाताशी होते. इथे बाई कारखान्यातल्या यंत्रापुढच्या कामगारासारखी एकटी, आणि कारखान्यातला पगार तेवढा नाही.

आक्षेप खरा आहे. तरीही लिहोत्स्कींची बाजू नीट ऐकली पाहिजे. बायका यापुढे नोकरी करणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. घरकामात जाणारा तास वाचला तर तो बाईचा स्वतःचा होईल, या हिशेबाने त्यांनी पावले मोजली. त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी त्यांनी कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता. मला यात दोष दिसण्यापेक्षा दुसरेच काही दिसते. ज्या कामाला आजवर 'बायकी' म्हणून मोजदादीबाहेर ठेवले होते, ते कोणालाही मोजता येईल असे काम आहे, हे एका शहराच्या बांधकाम खात्याने मान्य केले. वाचलेला तास कोणाकडे जाईल, हे मात्र नकाशा ठरवू शकत नव्हता.

कमीत कमी किती घर लागते, हा प्रश्न त्याच दशकात मुंबईतही विचारला गेला होता, आणि पैसा उभा करायची युक्तीही काहीशी तशीच होती. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. गिरणगावातल्या मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. फ्रँकफर्टला जुन्या घरांनी नवी घरे बांधली, मुंबईत कापसाने. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे २०७ इमारती उभ्या राहिल्या, प्रत्येकी तळमजला आणि वर तीन मजले, एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. त्याच बीडीडी चाळी.

खोलीचे माप १६० चौरस फूट, म्हणजे साधारण पंधरा चौरस मीटर. फ्रँकफर्टमध्ये सत्तर चौरस फूट नुसत्या रांधण्याला. मुंबईत १६० चौरस फुटांत रांधणे, जेवणे, झोपणे, बाळंतपण आणि पाहुणे. स्वयंपाकाला वेगळी खोली नव्हतीच. चूल किंवा शेगडी एका कोपऱ्यात, वर फळीवर डबे, आणि कडेला खाट किंवा गुंडाळलेल्या वळकट्या. सामाईक संडास. भाडे गिरणी मजुराला जड, म्हणून सुरुवातीची कित्येक वर्षे शेकडो खोल्या रिकाम्या पडून होत्या, तेही घरांच्या टंचाईच्या शहरात. फ्रँकफर्टच्या वास्तुविशारदांनी निदान बाईच्या पावलांचा हिशेब केला. इथे मजुराच्या कुटुंबात बाई आहे, हेच नकाशाला ठाऊक नसावे असे वाटते.

पण चाळीतल्या बायकांनी तो हिशेब स्वतः केला. सकाळी गॅलरीत धान्य निवडणे, भाज्या शेजारणीबरोबर बसून मोडणे, पापड-कुरडया एकत्र लाटणे, हे सारे १६० फुटांबाहेर ढकललेले स्वयंपाकघरच होते. फ्रँकफर्टच्या बाईला नकाशाने एकटी केले; इथल्या बाईला नकाशाने काहीच दिले नाही, म्हणून तिने गॅलरी वापरली. याचे कौतुक करताना जरा जपून. सोबत होती, हे खरे. पण धूर, ओल आणि रात्री अंग पसरायला न मिळणारी जागा हीसुद्धा तिचीच होती. आज या चाळींच्या जागी पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत, त्यांत स्वतंत्र स्वयंपाकघर आहे आणि सलग ओटाही.

लिहोत्स्कींचे पुढे काय झाले? सोव्हिएत संघात त्यांनी मुख्यतः मुलांसाठीच्या इमारतींवर काम केले. १९३७ साली तिथून निघून पुढे त्या इस्तंबूलला पोचल्या. तिथे नाझीविरोधी ऑस्ट्रियन कम्युनिस्टांच्या गटात सामील झाल्या आणि १९४०च्या अखेरीस, सुरक्षित देश सोडून, भूमिगत कामासाठी व्हिएन्नाला परतल्या. १९४१च्या जानेवारीत गेस्टापोने त्यांना पकडले. त्यांच्या काही साथीदारांना मृत्युदंड झाला. त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बव्हेरियातल्या आइखाखच्या तुरुंगातून १९४५च्या एप्रिलअखेर अमेरिकन फौजांनी त्यांची सुटका केली. युद्धानंतरच्या ऑस्ट्रियात कम्युनिस्ट म्हणून सरकारी कामे त्यांच्या वाट्याला फारशी आली नाहीत. मानसन्मान आले ते ऐंशीच्या पुढे, आणि बहुतेक त्या एका स्वयंपाकघरासाठी. बालवाड्या, वसाहती, प्रदर्शने, तुरुंग असे एवढे आयुष्य मागे असताना जो तो तेच विचारी. सगळे त्याच एका गोष्टीबद्दल बोलतील हे ठाऊक असते तर ते मेले स्वयंपाकघर बांधलेच नसते, असे त्या उतारवयात म्हणाल्या. २००० सालच्या १८ जानेवारीला, एकशे तिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, त्या व्हिएन्नात वारल्या.

त्या दहा हजारांतली बहुतेक स्वयंपाकघरे आता नाहीत. फ्रिज आला, धुलाईयंत्र आले, त्यांना जागा हवी झाली; नूतनीकरणात जुनी कपाटे उखडून कचऱ्यात गेली. घरमालकांनी बदलले, भाडेकरूंनीही. जी उरली त्यांतली काही संग्रहालयांनी उचलली. गिनहाइमच्या वसाहतीतले एक २००९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात दाखल झाले आणि पुढच्या वर्षीच्या तिथल्या प्रदर्शनात उभे राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातही एक आहे. रोमरस्टाटमध्ये माय यांच्या नावाने जपलेल्या घरात मात्र ते मूळ जागीच, मूळ मापात पाहायला मिळते. सरकते दार, खिडकीखालचा ओटा, स्टूल, आणि ॲल्युमिनियमच्या पेट्यांची ती रांग, नावांसकट.